विष धरून ठेवायचं की मोडायचं?

मुलतानी माती म्हटली की पुणेकरांना तुळशीबाग आठवते आणि चेहऱ्याचा लेप. हीच माती भारतीय सैनिकाच्या रासायनिक युद्धाच्या संचातही असते. मस्टर्ड गॅस हा नावापुरता गॅस, प्रत्यक्षात तो तेलकट द्रव आहे. त्याचा थेंब कातडीवर पडला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. फोड येतात ते काही तासांनी. म्हणून थेंब दिसला की लगेच त्यावर भुकटी टाकायची आणि मातीने तो शोषला की ती काढून टाकायची, असा हा सरळसोट उपाय. ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलेल्या वैयक्तिक निर्विषीकरण संचात याच मातीचा आधार घेतलेला आहे. उपाय स्वस्त आणि खात्रीचा, पण त्यात एक खोच आहे. माती विष उचलते, मारत नाही. झटकलेली माती जिथं पडते तिथं विषही पडतं.

गॅसमास्कचीही तीच गत. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन फौजेने क्लोरीनची नळकांडी उघडली. चारच दिवसांनी, 26 एप्रिलला, लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक त्याच आघाडीवर वायूत सापडले. तोंडावर ओला फडका दाबण्यापलीकडे त्यांच्याजवळ काही साधन नव्हतं. युद्ध संपेपर्यंत मात्र मुखवट्यांत कोळसा आला. नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा सगळ्यांत चांगला ठरला. करवंट्या पुरेनात तेव्हा अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया जमा करायला सांगण्यात आलं. सक्रिय केलेल्या अशा एक ग्रॅम कोळशाच्या आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग मोजला तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो. विषाचे रेणू त्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. नुसतेच बसतात.

काही वायूंना कोळसा धरूही शकत नाही. हायड्रोजन सायनाइड हा त्यातला एक. त्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळातच कोळशात तांब्याचे क्षार मुरवण्याची युक्ती निघाली. पुढे त्यात चांदी आणि क्रोमियमची भर पडली आणि हे धातू वायूशी रासायनिक क्रिया करून त्याला निकामी करू लागले. क्रोमियम कर्करोगकारक ठरल्यावर त्याच्या जागी जस्त आणि मॉलिब्डेनम आले. पण मज्जातंतूंवर घाला घालणारं सारिन आणि मस्टर्ड यांच्याबाबतीत आजही मुखवट्याची मुख्य भिस्त कोळशाच्या धरून ठेवण्यावरच आहे. वापरलेला डबा म्हणजे बंदिस्त विष. तो कुठं ठेवायचा, कसा जाळायचा, हा वेगळा उद्योग होऊन बसतो.

कपड्यावर बसून राहिलेलं विष काय करतं, हे 20 मार्च 1995 रोजी टोकियोत दिसलं. ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेत सारिन सोडलं. पाच हजारांहून अधिक माणसं रुग्णालयांकडे धावली. सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात शेकडो रुग्ण आले, तेही अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी. त्या कपड्यांतून सारिनची वाफ निघत राहिली आणि रुग्णांवर उपचार करणाऱ्या शंभराहून अधिक डॉक्टर-परिचारिकांना डोळे दुखणं, अंधूक दिसणं, डोकं जड होणं असा त्रास झाला. हल्ला बोगद्यात झाला होता आणि विष वॉर्डात पोचलं होतं. 2018 मध्ये इंग्लंडच्या सॉल्सबरी शहरात त्याच जातीच्या नोविचोक या विषाचा वापर झाला, तेव्हा शहर साफ करायला जवळजवळ वर्ष लागलं.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांना हवा आहे असा पदार्थ, जो विष धरतो आणि त्याच जागी मोडूनही टाकतो. शिवाय मोडून झाल्यावर तो स्वतः शिल्लक राहतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असं करणाऱ्याला उत्प्रेरक म्हणतात. पेट्रोल शुद्ध करण्यापासून खत बनवण्यापर्यंत सगळा रसायन उद्योग उत्प्रेरकांवर चालतो, आणि या विद्येचं भारतातलं एक मोठं पीठ पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, 3 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे कॅनडात जन्मलेले शास्त्रज्ञ. घन पदार्थ वायू आणि वाफा कशा शोषतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. 1932 मध्ये त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. स्वतंत्र भारताने रसायनशास्त्राची पहिली मोठी प्रयोगशाळा उभारली आणि तिच्या खुर्चीवर पहिला माणूस बसला तो नेमका या विषयातला. हा योगायोगच, पण सुरेख. पुढे 1980च्या दशकात याच प्रयोगशाळेत पॉल रत्नासामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनसिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक तयार केला आणि तो बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलीनच्या प्रक्रियेसाठी वापरला गेला. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची सच्छिद्र जाळी. रेणूंना नेमक्या मापाच्या छिद्रात घेऊन तिथंच त्यांची मोडतोड करायची, ही कल्पना पुण्याला तेव्हापासून अंगवळणी पडलेली आहे.

विषारी वायूशीही एनसीएलचा एकदा जवळून संबंध आला. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली. शास्त्रज्ञ वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या ज्या शास्त्रीय गटाने ती कशी झाली याचा शोध घेतला, त्यात एनसीएलचे तेव्हाचे संचालक एल. के. दोरायस्वामी आणि रघुनाथ माशेलकर होते. मिथाइल आयसोसायनेट हे युद्धासाठी बनवलेलं रसायन नव्हे. पण त्या कारखान्यातही विष मोडण्याची सोय कागदावर होतीच. निसटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊन निकामी व्हावा यासाठी स्क्रबर बसवलेला होता. त्या रात्री तो उपयोगी पडला नाही, आणि एवढा वायू पेलण्याची त्याची ताकदही नव्हती.

पुण्यात या विषयाची दुसरी बाजू लष्करी आहे. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये, म्हणजे सीएमईत, आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचावाचं प्रशिक्षण भारतीय सैन्याला दिलं जातं. घाटमाथ्यावर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदल तळावर त्याच कामासाठी गोवा शिपयार्डने बांधलेलं 'अभेद्य' हे केंद्र 2019 मध्ये सुरू झालं. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. रासायनिक आपत्तीसाठी तयार केलेल्या तुकड्या तिच्यातही आहेत. त्यांना सारिनशी गाठ पडण्यापेक्षा एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गळतीवर जावं लागण्याची शक्यता कितीतरी जास्त.

भारताने स्वतः कधी अशी हत्यारं ठेवली होती का? ठेवली होती. ऑगस्ट 1992 मध्ये भारत आणि पाकिस्तानने संयुक्त घोषणा करून रासायनिक अस्त्रं न बाळगण्याचं वचन दिलं. जानेवारी 1993 मध्ये भारताने रासायनिक शस्त्रास्त्र करारावर सही केली आणि 1997 मध्ये करार अमलात आल्यावर जाहीर केलं की आपल्याकडे 1,044 टन मस्टर्ड आहे. शेजारी चकित झाले, बरेच भारतीयही झाले. हा साठा आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली 2009 च्या मार्चपर्यंत पूर्ण नष्ट केला गेला. अमेरिकेला आपला शेवटचा साठा संपवायला जुलै 2023 उजाडावं लागलं. स्वातंत्र्यापूर्वीचा एक प्रसंगही नोंदवण्याजोगा आहे. ब्रिटिशांच्या पोर्टन डाउन या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकापासून रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्डचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर त्याचा परिणाम गोऱ्या कातडीपेक्षा वेगळा होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कित्येक सैनिक भाजून रुग्णालयात गेले.

मोठे साठे नष्ट करण्यासाठी दोन जुने मार्ग आहेत. एक जाळणं, दुसरा गरम पाणी किंवा अल्कलीत टाकून तोडणं. सीरियाने 2013 मध्ये जाहीर केलेल्या रसायनांपैकी सुमारे 600 टन पदार्थ 2014 मध्ये केप रे या अमेरिकी जहाजावर, भर समुद्रात, दुसऱ्या पद्धतीने मोडण्यात आले. जहाजाला ते जमतं. खंदकातल्या सैनिकाच्या बाहीला उकळतं पाणी आणि कॉस्टिक सोडा चालत नाही.

इथं थोडं विषाच्या घरात डोकवावं लागेल. 1936 मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्रॅडर कीटकनाशकं शोधत होता. त्याच्या हाती टाबुन हे विष लागलं आणि दोन वर्षांनी सारिन. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत रणजित घोष हे भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ ॲमिटॉन नावाच्या कीटकनाशकावर काम करत होते. ते शेतीसाठी फारच विषारी निघालं, पण त्याच्याच वंशातून पुढे व्हीएक्स तयार झालं. जगातली काही सगळ्यांत भयानक रसायनं शेताच्या बांधावरून युद्धभूमीवर गेली आहेत. ही सारी ऑरगॅनोफॉस्फरस कुटुंबातली. आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की निरोप देणारं रसायन पुसून टाकायला ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर असतं. हे विष त्या विकरालाच जाम करतं. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू आखडत राहतात, लाळ आणि घाम थांबत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, शेवटी श्वास थांबतो.

विदर्भातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला ही लक्षणं तोंडपाठ असतात. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसं गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती, हवा दमट होती आणि पंपातून उडणारा फवारा सरळ तोंडावर येत होता. प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही नावं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून यायची. दोन्ही ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे सारिनचीच दूरची, कितीतरी सौम्य भावंडं. उपचारही तोच, ॲट्रोपिन आणि पॅम ही औषधं. लष्कराच्या संचात तो इंजेक्शनच्या पेनमध्ये असतो आणि तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या कुपीत, इतकाच फरक.

ही नातेवाईकी प्रयोगशाळेत फार कामाची ठरते. खरं सारिन हाताळण्याची परवानगी आणि सोय भारतात फार मोजक्या ठिकाणी आहे. ग्वाल्हेरची डीआरडीई त्यात मुख्य. बाकीच्या शास्त्रज्ञांना नकली विषावर काम भागवावं लागतं. त्यातलं सगळ्यांत लाडकं म्हणजे मिथाइल पॅराऑक्सॉन. मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाचं, ज्यावर भारताने 2018 च्या आदेशाने बंदी घातली, ते एक रूप. त्याचा रंग नसतो. फॉस्फरसचा बंध तुटला की सुटून निघणारा नायट्रोफेनॉल अल्कलीत पिवळाधमक होतो. उत्प्रेरक चालतोय का, हे नुसत्या डोळ्यांनाही कळतं; यंत्र फक्त किती वेगाने ते सांगतं.

या पिवळेपणाच्या शर्यतीत गेली दहा-बारा वर्षं एकाच प्रकारचे पदार्थ पुढे आहेत, धातू आणि सेंद्रिय दांड्यांच्या जाळ्या, ज्यांना शास्त्रज्ञ मॉफ म्हणतात. जुन्या पुणेरी वाड्याची कल्पना करा. खांब म्हणजे धातूच्या अणूंचे पुंजके, तुळया म्हणजे त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू, आणि मधला मोकळा चौक म्हणजे छिद्र. तुळई लांब घेतली की चौक मोठा होतो आणि खांबाचा धातू बदलला की वाड्याचा स्वभाव बदलतो. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांना याच रचनांसाठी मिळालं. हवेतलं पाणी गोळा करणं, कार्बन डायऑक्साइड पकडणं, वायू साठवणं अशा अनेक कामांसाठी या जाळ्या वापरून पाहिल्या जातात. विष मोडण्यासाठी मात्र झिर्कोनियमचे खांब लागतात.

झिर्कोनियमच का? या प्रश्नाचं मूळ मातीतल्या एका जिवाणूत आहे. ऑरगॅनोफॉस्फेट पचवणाऱ्या या जिवाणूंच्या विकरात जस्ताचे दोन अणू शेजारी-शेजारी बसलेले असतात. ते विषाच्या फॉस्फरसला दोन बाजूंनी धरतात आणि पाण्याचा तुकडा त्यावर सोडतात. झिर्कोनियमच्या सहा अणूंच्या पुंजक्यातही धातूचे अणू तसेच जवळजवळ असतात आणि त्यांच्यामध्ये हायड्रॉक्सिलचे पूल असतात. विकर उष्णतेने नासतं, धातूची जाळी नासत नाही. 2008 मध्ये ऑस्लो विद्यापीठात तयार झालेल्या यूआयओ-66 या जाळीने नकली विषाचं प्रमाण निम्म्यावर आणायला सुमारे 45 मिनिटं घेतली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ओमार फर्हा आणि जोसेफ हप यांच्या एनयू-1000 ने तेच सुमारे 15 मिनिटांत केलं. मॉफ-808 ने अर्ध्या मिनिटाच्या आत. छिद्रं मोठी झाली आणि खांबाभोवती मोकळी जागा वाढली, की वेग असा वाढत जातो. 2015 मध्ये एनयू-1000 सारिनच्याच जातीच्या खऱ्या सोमान या विषावर तपासली गेली, तेव्हा निम्मं विष संपायला तीन मिनिटं पुरली.

वेगापेक्षा नाजूक प्रश्न आहे तो नेमका कुठला बंध तुटतो याचा. व्हीएक्सच्या रेणूत फॉस्फरसला गंधक आणि ऑक्सिजन दोन्ही जोडलेले असतात. गंधकाकडचा बंध तुटला तर उरतं ते तुलनेने निरुपद्रवी. ऑक्सिजनकडचा तुटला तर मूळ व्हीएक्सइतकंच जहाल, शिवाय पाण्यात टिकून राहणारं रसायन तयार होतं. म्हणजे घाईने चुकीच्या जागी कापणारा उत्प्रेरक काही कामाचा नाही. सुदैवाने झिर्कोनियमच्या जाळ्या योग्य परिस्थितीत गंधकाकडचाच बंध तोडतात. मस्टर्डचं प्रकरण आणखी वेगळं, तिथं फॉस्फरसच नाही. त्यातल्या गंधकाला एक ऑक्सिजन जोडला तर विष निकामी होतं, दोन जोडले तर पुन्हा फोड आणणारं काहीतरी तयार होतं. म्हणून ब्लीचिंग पावडरसारखा आडदांड ऑक्सिडीकारक इथं धोक्याचा. पॉर्फिरिनच्या तुळया असलेली एक जाळी एलईडीच्या उजेडात हवेतल्याच ऑक्सिजनला चेतवते आणि मस्टर्डच्या नकली भावंडाला नेमका एकच ऑक्सिजन देऊन थांबते. उजेड मिळाला नाही तर अर्थात तीही थांबते, आणि हल्ले काही दिवसाढवळ्याच होतात असं नाही.

पुण्यात या जाळ्यांवर बरंच काम झालं आहे, बहुतेक वेळा दुसऱ्या हेतूंनी. एनसीएलमध्ये असताना राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धातूविना, पूर्णपणे सेंद्रिय जाळ्या बांधल्या. 2012 मध्ये त्यांनी उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लात टिकणारी अशी जाळी जगापुढे ठेवली. पुढच्या वर्षी तर अशा जाळ्या खोलीच्या तापमानाला, द्रावक न वापरता, खलबत्त्यात वाटून तयार करून दाखवल्या. रसायनशास्त्राच्या जगात या खलबत्त्याचं फार कौतुक झालं, कारण तोवर अशा रचना बंद नळ्यांत दिवसेंदिवस तापवून मिळवल्या जात. शेजारीच आयसर पुणे. तिथं सुजित घोष यांच्या गटाने 2013 मध्ये पिक्रिक आम्लासारखी नायट्रो स्फोटकं ओळखून आपला उजेड मंद करणारी जाळी बनवली, तर रामनाथन वैद्यनाथन कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या जाळ्यांवर काम करतात. युद्धातलं विष हे या प्रयोगशाळांचं मुख्य लक्ष्य नाही. पण पाण्यात न विरघळणारी आणि भट्टीवाचून स्वस्तात बनणारी जाळी ज्यांना जमते, त्यांनी या विषयातला अर्धा अडथळा पार केलेला असतो.

उरलेला अर्धा अडथळा जास्त चिवट आहे, आणि त्याबद्दल परदेशी प्रयोगशाळांच्या बातम्यांत फार कमी बोललं जातं. मघाशी दिलेले सगळे वेगवान आकडे काचेच्या भांड्यातले आहेत, भरपूर पाण्यात आणि सामू 10 ठेवणाऱ्या अल्कली द्रावणात मोजलेले. कोरड्या कपड्यावर ते पाणीही नसतं आणि ती अल्कलीही. शिवाय सारिन तुटल्यावर जे फॉस्फोनिक आम्ल तयार होतं, त्याला झिर्कोनियम इतकं आवडतं की ते खांबाला चिकटून बसतं. द्रावणातली अल्कली त्याला हुसकावून लावते. कापडावर ते तिथंच राहतं आणि दुसऱ्या रेणूला जागा मिळत नाही. मग उत्प्रेरक कसला, एकदाच वापरायचा शोषक झाला तो. 2019 मध्ये नॉर्थवेस्टर्नच्याच गटाने मॉफ-808 धाग्यावर पाण्यातच चढवून दाखवली आणि सोबत अल्कलीसारखं वागणारं पॉलिइथिलीनइमाइन हे बहुलक लावून हवेतल्या दमटपणावर काम भागतं का ते पाहिलं. घाम आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या सहवासातही कापड काम करत राहिलं, हा त्यातला महत्त्वाचा भाग. तरी प्रयोगशाळेतला तुकडा आणि दहा हजार पोशाख यांच्यात मोठी दरी आहे.

भारतीय सैनिकाच्या सध्याच्या पोशाखात मॉफ नाही, सक्रिय कोळसाच आहे. डीआरडीईत जी. के. प्रसाद, बीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगनीज आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नळ्या, तसंच मॅग्नेशियम आणि इतर धातूंची ऑक्साइडं खऱ्या मस्टर्ड आणि सारिनवर तपासून पाहिली. मॉफपेक्षा ही ऑक्साइडं संथ असतात, पण स्वस्त, टिकाऊ आणि साठवायला सोपी. सैन्याच्या दृष्टीने गोदामात दहा वर्षं पडून राहिल्यावरही काम करणं हा गुण अर्ध्या मिनिटाच्या वेगापेक्षा कमी मोलाचा नाही. विष आलंय हे ओळखण्याच्या बाबतीत भारताची गाडी बरीच पुढे गेली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने लार्सन अँड टुब्रोशी 80.43 कोटी रुपयांचा करार केला, 223 स्वयंचलित रासायनिक विष-संसूचक यंत्रांसाठी. रचना डीआरडीईचीच. हवेतल्या रेणूंना विद्युतभार देऊन ते किती वेगाने सरकतात त्यावरून यंत्र विष ओळखतं आणि भोंगा वाजवतं. भोंगा वाजल्यावर मात्र सैनिकाच्या हातात अजून कोळसा आणि मुलतानी माती.

गंमत म्हणजे विष मोडणारं कापड भारतात आधी मिळालं ते शेतकऱ्याला. बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत प्रवीण कुमार वेमुला यांच्या गटाने 2018 मध्ये कातडीवर लावायचं एक जेल तयार केलं. त्यात ऑक्झाइम गट असलेलं बहुलक होतं. पॅम हे इंजेक्शनही ऑक्झाइमच. फरक इतका की पॅम विष शरीरात शिरल्यावर धावतं आणि जेल ते कातडीवरच तोडतं. पुढे त्यांनी हेच ऑक्झाइम सुती धाग्याला रासायनिक बंधाने जोडलं. त्यातून तयार झालेला 'किसान कवच' हा पोशाख केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी 17 डिसेंबर 2024 रोजी दिल्लीत सादर केला. सेपिओ हेल्थ या कंपनीबरोबर तो बनवला गेला आहे. तेव्हा त्याची किंमत सुमारे 4,000 रुपये होती, आणि 150 वेळा धुतला तरी काम करतो असा संस्थेचा दावा. झिर्कोनियम नाही, वाड्यासारखी छिद्रांची रचना नाही, अल्कलीचं द्रावण नाही. साधा कापूस आणि एक चलाख रेणू.

पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेने कापडावरची झिर्कोनियमची जाळी हाती घेतली, तर तिला तुलना या सुती कवचाशी करावी लागेल, अमेरिकी लष्कराच्या पोशाखाशी नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हात यवतमाळच्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो, शेताचा मालक नसतो. 4,000 रुपये कोणी भरायचे हे अजून ठरलेलं नाही. जाळीचं कापड त्याहून महाग निघालं तर प्रश्न तिथंच संपतो. शिवाय त्याच्या पंपात एकच औषध नसतं. ऑरगॅनोफॉस्फेटसोबत सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं मिसळण्याची पद्धत आहे, आणि फॉस्फरसचा बंध शोधणाऱ्या ऑक्झाइमला किंवा झिर्कोनियमला पायरेथ्रॉइडमध्ये फॉस्फरस सापडतच नाही.